वाजतं कपाट

खोली भाड्यानं देणारी माणसं आधी नाव विचारतात, मग गाव विचारतात, आणि शेवटी आडनाव कळलं की खोली कालच गेली म्हणून सांगतात. कळंबमध्ये एका आठवड्यात मला अशा चार खोल्या 'काल गेलेल्या' भेटल्या होत्या. मी तिथून जवळच्याच, वाशीकडच्या एका खेड्यातला. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. तालुक्याच्या सहकारी संघात टायपिस्ट म्हणून नुकताच लागलो होतो आणि रात्री संघाच्या बाकावर झोपत होतो. पाचव्या घरी दारात पन्नाशीच्या, उंच, काटक अशा एक बाई उभ्या होत्या. त्यांनी नावबिव काही विचारलं नाही. म्हणाल्या, “हात दाखव.”

मला वाटलं, या भविष्य बघतात. मी उजवा तळहात पुढं केला.

“उलटा कर. दोन्ही दाखव. बोटं फाक. काम काय करतोस?”

“टायपिंग.”

“दहाबी बोटांनी का दोन बोटांनी?”

“दहा.”

“करंगळी चालती का?”

चालते म्हणालो. त्यांनी आत जाऊन किल्ली आणली आणि ओसरीवरची खोली उघडून दिली. “एकच गोष्ट ध्यानात ठेव,” त्या म्हणाल्या. “सकाळी सहा ते आठ मला हाक मारायची न्हाय. घर पेटलं तरी न्हाय.”

सहा ते आठ काय असतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दंतमंजन हातावर घेऊन मी नुकताच उठलो होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून तो आवाज सुरू झाला. तोपर्यंत मी पेटी ऐकली होती, हलगी ऐकली होती, लग्नातला बँड ऐकला होता. हे त्यातलं काहीच नव्हतं. एकच माणूस वाजवत असेल यावर माझा विश्वास बसेना. आठ वाजता आवाज थांबला तेव्हा मंजन माझ्या हातावर तसंच होतं. घरकामाला येणाऱ्या गंगूबाईला मी विचारलं, हे काय आहे? ती झाडू न थांबवता म्हणाली, “आमच्या बाईचं वाजतं कपाट हाय त्ये.”

माळवदाच्या त्या साध्या घरात मधल्या खोलीत खरंच एक काळं, चकचकीत कपाट होतं. त्याला पियानो म्हणतात हे मला बाईंनी सांगितलं. बाईंचे वडील मूळचे इथले, निजामाच्या काळात हैदराबादला वकिली करणारे. बाई तिथंच वाढल्या. सातव्या वर्षापासून एका म्हाताऱ्या मडमेकडे शिकल्या आणि विशीत त्यांच्या मैफली सुरू झाल्या. हैदराबाद, मुंबई, मद्रास, एकदा कोलंबो. भिंतीवर मात्र एक फोटो नाही. एकदा स्वयंपाकघरात मी मोहरीचा डबा उचलला, तर फळीवर अंथरलेल्या कागदावर इंग्रजीत त्यांचं नाव छापलेलं दिसलं. त्यांच्या मैफलींची पत्रकं डब्यांखाली घातलेली होती.

“लई वाजिवलं,” बाई म्हणाल्या. “टाळ्याबी लई झाल्या. डबा जाग्यावर ठीव.”

मद्रासच्या मैफलीची गोष्ट मात्र त्या स्वतः होऊन सांगत. भरलेलं सभागृह, पुढच्या रांगेत मोठमोठी माणसं. वाजवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या मिनिटाला कळलं की तिथल्या पियानोचा एक सूर उतरलेला आहे. बाई उठल्या, झाकण लावलं, नमस्कार केला आणि निघून आल्या. “बिघडल्या वाद्याला म्या हात लावत न्हाय,” हे वाक्य त्या इतरांनी पदक दाखवावं तशा म्हणत. त्यानंतर बोलावणी कमी झाली हेही त्या लपवत नसत. वडील वारले, इकडची जमीन बघायला म्हणून एका हंगामापुरत्या आल्या, आणि पियानो ट्रकमधून मागून आला. तो हंगाम काही संपला नाही.

कळंबमध्ये त्यांनी कुणापुढं वाजवलं नव्हतं. खिडकीबाहेर कुणी सायकल थांबवून ऐकत उभा राहिला तर त्या उठून खिडकी लावून घेत. शाळेच्या गॅदरिंगला मास्तर बोलवायला आले, तर “मी काय बँडवाली हाय का?” म्हणून त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मला याचा राग यायचा. इतकं चांगलं येत असून भिंतींना ऐकवायचं, हा मला शुद्ध माज वाटायचा, आणि काही अंशी तो होताच.

कान मात्र असा की जवळपास राहायची भीती वाटावी. बार्शीच्या एसटीचा हॉर्न अर्ध्या सुरानं उतरला म्हणून त्यांनी माझ्याकडून डेपोला रीतसर अर्ज टाइप करून घेतला होता. अर्जाला उत्तर आलं नाही, पण तो ड्रायव्हर पुढं स्टँडवर बाई दिसल्या की हॉर्न न वाजवता गाडी काढायचा. तेरखेड्याला फटाके करणाऱ्यांकडे त्या दिवाळीआधी हटकून जात. फटाका एकही घेत नसत. नवा माल उडवून बघतात तेव्हा बांधावर बसून डोळे मिटून ऐकत आणि कुठल्या बारात दम आहे ते सांगत. तिथली माणसं त्यांचं मनावर घेत, असं गंगूबाई म्हणायची. खरंखोटं तीच जाणे.

आणि हात! त्या हातांना बाई देवासारखं जपत. पिशवी कोपरात अडकवायची, दार खांद्यानं ढकलायचं, भाजी कधी चिरायची नाही. थंडीत शेतावर जाताना लोकरीचे हातमोजे. ज्वारीच्या रानात हातमोजे घालून उभी असलेली बाई बघून नवा गडी आधी घाबरायचा आणि मग हसायचा. गावात काही बायका नाक मुरडून त्यांना ‘राणीसाहेब’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं.

मी शिकायला लागलो तो माझ्याच चुकीनं. संध्याकाळी ओसरीवर बसून मी मांडीवर टायपिंगचा सराव करत असे. बाई आतून आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “त्या करंगळीला कामून भेतोस? हिकडं ये.” पियानोपुढं बसवलं. माझ्या आधी त्या स्टुलावर त्यांच्याशिवाय कुणी बसलेलं नव्हतं. पुढं एकदा धीर करून मी म्हणालो, “बाई, खोली देताना तुमी माझं आडनाव न्हाय विचारलं.” त्या स्वरलिपीच्या वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, “आडनावानं कोन वाजवतंय? डावा हात हळू.”

मी वर्षभर असा शिकलो आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्याबद्दल नव्यानं काय सांगायचं? विहिरी तळाला गेल्या, रानं उघडी पडली, माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली. आमच्या गल्लीत टँकर आला की घागरींची रांग चौकापर्यंत लागायची. हवा इतकी कोरडी की दाराच्या चौकटी सुटल्या. एका दुपारी आतून ‘टक’ असा आवाज आला. बाई जेवणावरून उठल्या. पियानोचं लाकूड आतून वाळायला लागलं होतं.

“जनावरं छावनीत पाठिवली न्हवं लोकांनी?” त्या म्हणाल्या. “ह्यालाबी पाठिवते.”

छावणी म्हणजे मागची अंधारी खोली, जिथं ऊन येत नसे. पियानो तिथं ढकलला. वरून ओलं पोतं घातलं आणि खाली पायांपाशी पाण्यानं भरलेली दोन उघडी मडकी ठेवली. हवेला ओल राहिली तर लाकूड चिरत नाही, असं मडमेनं सांगून ठेवलेलं होतं. मडक्यांसाठी पाणी कुठून आणायचं? बाईंनी आंघोळ सोडली. ओल्या फडक्यानं अंग पुसून घेत आणि वाचलेलं पाणी मडक्यात जाई. गंगूबाईच्या तोंडून ते गल्लीत फुटलंच. टँकरच्या रांगेत एक बाई ओरडली, “मान्सं तहानली अन् ह्यांचं कपाट पानी पितंय!”

“माझ्या वाटणीचं पितंय,” बाई शांतपणे म्हणाल्या. “म्या आंघूळ सोडलीया. वास आला तर नाकाला पदर लावा.” रांगेत हशा पिकला आणि भांडण तिथंच मिटलं.

पियानो छावणीत गेला म्हणून शिकवणी बंद पडली नाही. बाईंनी सुताराकडून पियानोच्या लांबीची फळी कापून घेतली आणि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला तिच्यावर पट्ट्या रंगवायला सांगितल्या. पियानोच्या काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात, मधे मधे जागा मोकळी असते. पेंटर फळी घेऊन आला तर सगळीकडं काळ्या पट्ट्या एकसारख्या! तो खुशीत होता. “बाई, मधल्या काही जागा सुटल्या व्हत्या तुमच्या. म्या भरून टाकल्या. त्याचं येगळं कायबी घेणार न्हाय.” बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्याला समोर बसवून जादाच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासायला लावल्या, आणि तो आपल्या चांगुलपणाची अशी माती झालेली बघत त्या घासत राहिला.

फळीला आवाज नाही. मग चूक कळणार कशी? बाईंनी तोड काढली. बोट ज्या पट्टीवर पडेल तो सूर तोंडानं म्हणायचा. पण वाजवायचं दोन हातांनी आणि तोंड एक. म्हणून उजव्या हाताचे सूर मी म्हणायचे आणि डाव्या हाताचे बाई म्हणणार. रोज संध्याकाळी आम्ही ओसरीवर फळी पुढं घेऊन बसत असू. मी वर विलायती सरगमीतले ‘डो मी सोल’ करतोय आणि बाई खाली जाड्या आवाजात घुमतायत. बाईंचा गळा बोटांसारखा मुळीच नव्हता. रस्त्यानं जाणारे थबकत. माझ्या अंगात आलंय आणि बाई ते उतरवतायत, असं एकानं संघात येऊन मॅनेजरला सांगितलं. दीड वर्ष आम्ही असा पियानो वाजवला. दुष्काळातले माझे ते सगळ्यात सुखाचे तास होते, हे सांगायला मला आज संकोच वाटत नाही.

पाऊस पडला. पुन्हा पेरण्या झाल्या, हवेत ओल आली, आणि बाईंनी चांगला दिवस बघून छावणी उघडली. पोतं काढलं. लाकडाला एक चीर नव्हती. बाईंनी मडक्यांना हात जोडले, स्टुलावर बसल्या आणि उजवा हात पट्ट्यांवरून फिरवला. मधेच काही पट्ट्या नुसत्या खट्ट वाजल्या. त्यांनी पुढची फळी काढून आत बघितलं.

पियानोत तारांवर आपटणाऱ्या छोट्या हातोड्या असतात, त्यांना लोकरीचा नमदा लावलेला असतो. त्या दुष्काळात गावातल्या उंदरांना ना दाणा होता, ना पाणी. आमच्या मागच्या खोलीत दोन मडकी उघडी भरून ठेवलेली. उंदीर पाण्याला आले, तिथंच राहिले आणि अकरा हातोड्यांचा नमदा त्यांनी आतल्या कापडी फितींसकट कुरतडून नेला. पियानो वाळू नये म्हणून बाईंनी आंघोळ सोडली होती, आणि त्याच पाण्यानं घात केला होता.

गंगूबाई रडायला लागली. बाई रडल्या नाहीत. हैदराबादच्या मेस्त्रीला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं की हे सामान परदेशाहून यायचं, आता मिळायचं नाही. मी घोंगडीचे तुकडे डिंकानं चिकटवून बघितले, तर त्या पट्ट्या खोकल्यासारख्या वाजल्या. बाईंनी झाकण लावलं. “बिघडल्या वाद्याला म्या हात लावत न्हाय,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच ते वाक्य त्यांनी मान खाली घालून म्हटलं.

सकाळचे सहा ते आठ मुके झाले. मी मंजन घेऊन उठायचो आणि काय करावं कळायचं नाही. आठवडाभरानं कामावरून आलो तर बाई विळीवर बसून कांदा चिरत होत्या. गंगूबाई दाराआड उभी राहून पदर तोंडात धरून बघत होती. “बाई, ठेवा त्ये,” मी म्हणालो. “कामून?” त्या म्हणाल्या. “आता ह्या हातांचं काय लोणचं घालायचंय?” त्या दिवशी मला कळलं की पियानो नव्हे, बाईच संपत चालल्या आहेत.

माझ्या पियानोच्या पहिल्या परीक्षेचा फॉर्म त्यांनी छावणी उघडायच्या आधीच पाठवला होता. परीक्षा हैदराबादला. “जाऊन ये,” त्या म्हणाल्या. मी हटून बसलो. तुम्ही आलात तर जातो, नाहीतर नाही. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रवासासाठी ठेवणीतलं इरकल लुगडं काढलं.

एका शाळेच्या वर्गात परीक्षा होती. परीक्षक मद्रासहून आलेले, पिकल्या केसांचे, सौम्य गृहस्थ. बाहेर व्हरांड्यात झुळझुळीत फ्रॉकमधल्या मुली आणि त्यांच्या आया, आणि त्यांच्यात आमच्या बाई. मी सव्वीस वर्षांचा, मिशी असलेला उमेदवार. आत एवढा थोरला पियानो. दीड वर्षात मी खऱ्या पट्टीवर सलग काही वाजवलंच नव्हतं. पहिलं बोट टाकलं आणि आवाज आला तो एवढा की मी दचकलो. दचकल्यावर माणूस सवयीचं काम करतो. माझं तोंड उघडलं आणि मी वाजवता वाजवता मोठ्यानं गायला लागलो, ‘मी सोल डो सी’. परीक्षकांची पेन्सिल थांबली. मला कळत होतं, पण तोंड मिटलं असतं तर बोटंही थांबली असती. आणि तेवढ्यात बंद दारापलीकडून डाव्या हाताचे सूर आले. जाडे, खणखणीत, तालात एक मात्रा इकडची तिकडं नाही. व्हरांड्यातून बाई गात होत्या.

शेवटापर्यंत आम्ही असेच गेलो. संपल्यावर परीक्षक उठले आणि त्यांनी दार उघडलं. बाई अगदी दाराशी उभ्या होत्या आणि सगळ्या आया त्यांच्याकडं बघत होत्या. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, हे काय होतं? बाईंनी इंग्रजीतच फळीची, दुष्काळाची, उंदरांची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी टेबलाशी जाऊन गुणांच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले की तुमच्या विद्यार्थ्याचा हात बेताचा आहे, पण दोन माणसांना इतकं एकमेकांकडं लक्ष देऊन वाजवताना मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. मी पास झालो. शेऱ्यात लिहिलं होतं, उमेदवारानं वाजवताना तोंड बंद ठेवावं.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. आता बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरून बसलो. लातूर मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, “इतक्या लोकांत गायले रे मी. ह्या असल्या गळ्यानं.”

“माझं चुकलं, बाई.”

“चुकलं म्हनत न्हाय. लाज कशी न्हाय वाटली, त्येचा इचार करायलीय.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुमच्या संघाचं गोदाम किती लांब हाय?”

गोदाम बघायला त्या स्वतः आल्या. एका बाजूला ज्वारीची पोती छतापर्यंत लागली होती. मधे उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली, कान दिला, दोन पावलं सरकून दुसरी वाजवली. “पोती आवाज बराबर पितात,” म्हणाल्या. मॅनेजरला मी काय काय सांगून पटवलं ते आता आठवत नाही. बाजाराच्या दिवशी दुपारी सहा हमालांनी दोर लावून कपाट गोदामात आणलं. माल घालायला आलेले शेतकरी, भाजीवाल्या, संघाचे लोक, टँकरच्या रांगेत ओरडलेली ती बाई, सगळे गोणपाटावर बसले. गंगूबाई सगळ्यात पुढं, हाताची घडी घालून, जणू काही तीच वाजवणार आहे.

बाई उभ्या राहिल्या. “ह्येच्यात अकरा सूर मेलेत,” त्या म्हणाल्या. “दुष्काळात. त्यांची जागा आली की आमी दोघं तोंडानं म्हनू. हासू आलं तर हासा.” आणि मला शेजारी बसवून त्यांनी सुरुवात केली.

मी त्यांना भिंतीपलीकडून कितीदा ऐकलं होतं, पण माणसांपुढं बसलेल्या बाई मी प्रथमच बघत होतो. त्यांची पाठ वेगळीच दिसत होती. पहिला मेलेला सूर आला, त्यांनी तो घोगऱ्या आवाजात म्हटला, आणि लोक हसले. दुसरा माझ्या बाजूचा होता. माझा आवाज चिरकला, तेव्हा आणखी हसले. मग हसू कमी होत गेलं. पुढं पुढं तर त्या जागा आल्या की लोकच माना पुढं करून वाट बघू लागले. बाईंच्या चेहऱ्यावर घाम होता आणि त्या हसत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पानं उलटायला दिसेना.

वाजवणं संपलं तरी कुणी टाळी वाजवली नाही, कारण ते संपलं हे कुणाला कळलं नव्हतं. मग हमालांचा मुकादम उठला आणि अदबीनं पुढं आला.

“बाई, झालं का?”

“झालं.”

त्यानं मागं वळून खूण केली. सहा हमाल आले, त्यांनी चारी बाजूंनी दोर घातले आणि खांदे लावले. बाईंनी झाकणावर हात ठेवला.

“राहू द्या इथंच,” त्या म्हणाल्या. “पुढच्या बाजारी पुन्ना कोन उचलून आनंल?”

हमालांनी दोर सोडले.